माशी मेली, नोंद कुठाय?

मधमाशीला एखादा वास द्या आणि लगेच साखरपाणी पाजा. असं काही वेळा केलं की नुसत्या वासानेही ती सोंड बाहेर काढते. एवढ्याशा गोष्टीवर अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने स्फोटकं हुंगणाऱ्या माश्या तयार केल्या. माशी नळीत अडकवायची, समोर कॅमेरा लावायचा, सोंड बाहेर आली की अलार्म. ही गोष्ट ऐकली की आमच्या इंजिनिअर मंडळींत कुणीतरी म्हणतंच, 'भारी! सांगलीच्या द्राक्षातली औषधं हुंगणारं असंच डिव्हाइस बनवूया.'

मीही सॉफ्टवेअरमध्येच आहे, आणि माझं म्हणणं आहे, नको बनवूया. सेन्सर आधीच लागलेत, त्यांचं रीडिंग घेणारं कुणी नाही.

महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. जवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं. तिथल्या सातेरीच्या एका पेटीतल्या हजारो माश्या रोज किलोमीटरभराचा परिसर पालथा घालतात आणि पराग, पाणी, धूळ, जे असेल ते घरी आणतात. 1985 मध्ये अमेरिकेतल्या प्युजेट साउंड भागात जेरी ब्रोमेनशेंक यांनी स्थानिक मधपाळांकडून माश्यांचे नमुने घेऊन आर्सेनिक आणि कॅडमियमच्या प्रदूषणाचा नकाशा काढला. माशीला काही शिकवावं लागलं नाही. फक्त कुणीतरी मधपाळांना विचारलं.

आता डोंगर उतरून तासगाव-मिरजेकडे या. द्राक्षावर दावण्या आणि भुरीसाठी बुरशीनाशकं, फुलकिड्यांसाठी कीटकनाशकं, फवारणीमागून फवारणी. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपने भारतीय द्राक्षं अडवली आणि सगळी यंत्रणा खडबडून जागी झाली. आज युरोपला जाणारा माल प्रयोगशाळेच्या रिपोर्टशिवाय हलत नाही. तीच द्राक्षं सांगलीच्या बाजारात विकायची तर प्रत्येक बागेचा असा रिपोर्ट कुणी मागत नाही. आणि ब्लोअर चालवणाऱ्या, पाठीवर पंप घेणाऱ्या गड्याचं काय? 2017 मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने माणसं मेली, तेव्हा कुठे चौकश्या बसल्या.

युरोपने मात्र माशीचं रीडिंग घेतलं. 2012 मध्ये फ्रेंच संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर चिमुकले टॅग चिकटवले आणि थायामेथोक्झाम पोटात गेलेल्या माश्या घराची वाट चुकतात हे दाखवलं. 2018 मध्ये युरोपियन युनियनने थायामेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिडसह तीन औषधं उघड्या शेतात मारायला बंदी घातली. आपल्याकडे ती कृषी सेवा केंद्रात मिळतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मेलेली माशी औषधाचं नाव सांगत नाही. बरोबर. अलर्टचं काम कुठे बघायचं ते सांगणं, नाव प्रयोगशाळा काढेल. दुसरा, शेतकरी बदनाम होईल. पण या रीडिंगची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे. आटपाडीच्या डाळिंबाला फळ धरायला माशी लागते, आणि कुठलं औषध फुलोऱ्यात मारायचं नाही, कुठलं संध्याकाळी माश्या परतल्यावर मारायचं, हे त्याला औषध विकणारा सांगत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सातारा-सांगलीतल्या मधपाळांनी दर आठवड्याला पेटीच्या दाराशी पडलेल्या माश्या मोजाव्यात, त्याचे त्यांना सरकारने पैसे द्यावेत. आकडा अचानक वाढला की नमुना सरकारी खर्चाने प्रयोगशाळेत जावा, आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. यासाठीचं ॲप आपल्यापैकी कुणीही आठवड्यात लिहील. अवघड आहे ते पलीकडे फोन उचलणारं माणूस नेमणं, आणि ते काम कृषी विभागाचं आहे.

पुढच्या हॅकेथॉनला माशी नळीत घालण्याआधी एखाद्या मधपाळाला विचारा: तुमच्या माश्या शेवटच्या कधी मेल्या, आणि तुम्ही ते कुणाला सांगितलंत?