शर्यतीचा सूड

मधल्या सुटीत ‘नीड फॉर स्पीड’ या २०१४ सालच्या अमेरिकन चित्रपटाची वाखाणणी वारंवार आमच्या कानी आली, म्हणून आम्हीही तो पाहिला. मोटारदुरुस्ती करणाऱ्या टोबीचा जिवलग सोबती चोरट्या शर्यतीत प्राणास मुकतो. त्याच्या गाडीला धडक देणारा डिनो नामानिराळा राहतो आणि तुरुंगवास घडतो तो टोबीला. सुटल्यावर सूड उगविण्यासाठी टोबी कोणते साधन निवडतो? पुन्हा शर्यतच, आणि तीही सार्वजनिक रस्त्यावर!

टोबीचा संताप आम्हांस समजतो. जळत्या गाडीतून वैऱ्याला ओढून काढण्यासाठी तो हाती आलेली शर्यत सोडून मागे फिरतो, तो प्रसंग तर मनापासून आवडला. पण ज्यांचे कोणाशी वैर नाही, त्या वाटसरूंचे काय? पोलिसांच्या गाड्या उलथतात. आत बसलेल्यांची विचारपूस चित्रपट करीत नाही.

दिग्दर्शक स्कॉट वॉ पूर्वी स्वतः साहसदृश्ये करीत. संगणकाच्या करामतीपेक्षा त्यांनी खऱ्या गाड्यांवर भर दिला खरा. परंतु त्या हाकणारे चालक कसलेले होते आणि भोवती बंदोबस्त होता. विदर्भातील शंकरपटालाही आखलेली धावपट्टी असते, बघे बाजूला असतात. आपल्या तामसीहून आदिलाबादेस जाणाऱ्या रस्त्यावर मात्र कापसाची गाडी, शेळ्या आणि सायकलीवरील मुली एकाच वाटेने चालतात.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. ती शर्यत नव्हती. आरोप होता तो सतरा वर्षांच्या मुलावर. जामिनाची एक अट म्हणून त्यास तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले गेले. निबंध तपासणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हां मास्तरांनाही ते चमत्कारिक वाटले!

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार विनापरवानगी शर्यत लावणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असणाऱ्या मोटारसायकलींपैकी आपल्या घरची कोणती, हे पालकांनी एकदा दुपारी येऊन पाहावे.