मोरीचा तळ कोण ठरवणार?



ठाण्याजवळच्या बाळकुमसारख्या खाडीकाठच्या गावांत वलगण कोणाला सांगावी लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की अंडी घालायला मासा ओढ्याने वर चढतो. आपल्या कोरडवाहू मुलखातही पहिल्या पुराला तो नाल्याने चढतो. पण रस्त्याखाली अरुंद पाइप टाकला की पाणी जोराने सुटते, पुढची माती खरवडते आणि पाइपाचे तोंड अधांतरी राहते. मासा तिथेच अडतो.

हा फक्त माशाचा प्रश्न आहे काय? त्याच पाइपात पऱ्हाट्या अडकतात, पाणी तुंबते, वरची कपाशी पिवळी पडते, खालचा बांध फुटतो. मी शेतकी शिकलो, तेव्हा नाला म्हणजे पाणी वाहून नेणारा चर एवढेच शिकलो. मासा अभ्यासक्रमात नव्हता.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २१ आदिवासी जमातींनी २००१ साली अशाच मोऱ्यांवरून राज्य सरकारला कोर्टात खेचले. १८५४-५५ च्या करारांत त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य झाला होता. पण सामन मासा वर चढूच शकत नसेल, तर हक्क कागदावरच! मोऱ्या बदलण्याचा आदेश २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला.

आपण कोणाच्या मेहरबानीची वाट का पाहावी? रस्ता आपल्या पैशाचा आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: मोरी नाल्याच्या पात्राइतकी रुंद हवी आणि तिचा तळ नाल्याच्या तळाखाली हवा. मासा वर जाईल, पाणी खाली जाईल, माती शेतातच राहील.