गाडी बसवणारे

माणूस उंच दिसायला आयुष्यभर धडपडतो. टाचांचे बूट घालतो, पोरांना बारला लोंबकळायला लावतो, जाहिरातीत 'वर उंच हवा' असे छापतो. तोच माणूस स्वतःची मोटार मात्र बुटकी करायला निघतो, हे कोडे काही मला उलगडलेले नाही.

आमच्या इगतपुरीत हे खूळ बहुधा मुंबईच्या बाजूने घाट चढून आले. शेजारच्या चिरंजीवांकडे आजोबांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची ही इटलीची फियाट अकराशे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडू लागली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणवू लागली. १०८९ सीसीचे इंजिन, घोडे चाळीसच्या आसपास. पण एवढ्या बळावर सात माणसे, दोन वळकट्या आणि लोणच्याची बरणी घेऊन ती त्र्यंबकेश्वर करून यायची. तिला आता हे महाशय 'लो' करणार. तेही घरी, अंगणात, सुट्टीच्या दिवशी.

"काका, लो केली की गाडीला स्टान्स येतो."

"स्टान्स म्हणजे?"

"म्हणजे उभं राहायची ढब."

"अरे, बसवतोयस आणि उभं राहायची ढब कसली?"

यावर तो दयार्द्र नजरेने माझ्याकडे बघतो. पेन्शनरांकडे सगळे तसेच बघतात.

कृती सांगतो, म्हणजे भीती कशाची ते कळेल. पद्मिनीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे पाटे. पुढच्या स्प्रिंगेची दोन वेटोळी कापायची आणि मागचा एखादा पाटा काढून टाकायचा, की झाली गाडी बुटकी. आता वेटोळी कमी केली की स्प्रिंग मऊ होत नाही, उलट कडक होते. आणि दबायला जागाही कमी उरते. म्हणजे खड्डा आला की तो थेट आपल्या मणक्याला भेटायला येतो. गॅसने कापली तर पोलादाचे पाणीच उतरते. मागे काढलेल्या पाट्याचे ओझे उरलेल्या पाट्यांवर पडते, जसे एका भावाने वाटणी मागितली की बाकीच्यांवर पडते. पुढची चाके आत कलतात आणि टायर आतल्या बाजूने झिजतो. नाक खाली गेले की दिव्यांचा झोतही नाकासमोरच पडतो. पावसाळ्यात कसारा घाटात ढग उतरलेला असताना ज्याने गाडी हाकली आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

हे सगळे कापाकापी सुरळीत झाली तर. इथे गाडी जॅकवर, जॅक विटेवर, वीट ओल्या मातीवर आणि गाडीखाली आमचे चिरंजीव. दाबलेली स्प्रिंग म्हणजे दावणीला अडकवलेला वळू. निसटली तर समोर हात आहे की जबडा, ती बघत नाही. त्याची आई स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी "अरे, आहेस ना?" असे ओरडते, ते उगाच नाही.

बरे, ही बुटकी फिरणार कुठे? इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली लिहून ठेवले आहे की गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्याकडे तो गल्लीतल्या मंडळींच्या संतापाइतका उंच असतो. त्याच्यावर सध्याची पद्मिनी बाळंतिणीसारखी सावकाश चढते-उतरते. बुटकी चढणारच नाही. मधोमध चेंबर टेकवून झोपाळ्यासारखी डुलेल. नव्या समृद्धी महामार्गावर पळवीन म्हणतो. पण त्या महामार्गापर्यंत जायला आधी आमची गल्ली आहेच की! शिवाय पाऊस शंभर इंचांच्या पुढे. जुलैत आमच्याकडे रस्ता हा अंदाजाने ओळखायचा पदार्थ असतो.

शर्यतीच्या मैदानावर गाडी जमिनीलगत असली तर वळणावर स्थिर राहते, हे मला मान्य आहे. पण ती तशीच घडवलेली असते. करवतीने ठेंगणी केलेली नसते. आमच्या थळ घाटाचा चढ सदतिसास एक. तो चढायला आगगाडीसुद्धा कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिने जोडून घेते. रेल्वेला घाटाचा मान राखावा लागतो. चिरंजीवांना लागत नाही.

मी कायदाही काढून दाखवला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम: नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असे फेरफार करायचे नाहीत. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. तर हा म्हणतो, "नोंदणीपत्रात उंची कुठं लिहिलीय, काका?" वकिलीला घालायला हवा होता.

शेवटी मी आजोबांचा विषय काढला. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. नातवाच्या मामाच्या नव्या गाडीत त्यांना दोघांनी धरून कोंबावे लागते. पद्मिनीची सीट मात्र त्यांच्या बरोबर मापाची: बूड टेकले, वळले, पाय आत घेतले, बसले. तीन इंच खाली गेली की त्यांना ती विहीर.

"आजोबांना विचारलंस?"

"ते कुठं बसतात आता गाडीत?"

आजोबा ओट्यावर होते. त्यांना कमी ऐकू येते, पण हे ऐकू आले असावे. काठी टेकत उठले, पायऱ्या उतरले, पद्मिनीचे दार उघडून आत जाऊन बसले आणि म्हणाले, "चल, घोटीपर्यंत जाऊन येऊ."