पाय मिळाला, पुढे?

कृत्रिम पायांचे मोफत शिबिर म्हटले की हार, फोटो आणि रांगेत बसवलेले लाभार्थी. पाय मिळतो, हे खरेच. पण शस्त्रक्रियेनंतर उरलेला पायाचा भाग पुढचे कित्येक महिने आक्रसत राहतो. प्लास्टरचा साचा घेऊन अगदी मापात बसवलेला सॉकेट, म्हणजे हा भाग ज्यात बसतो ती खोळ, मग सैल पडतो. माणूस एकावर एक मोजे चढवतो, तरी कातडी सोलवटतेच. मधुमेही असेल तर तेवढी जखमही महागात पडते. शेवटी पाय माळ्यावर जातो आणि कुबड्या पुन्हा काखेत.

जयपूरमध्ये १९६०च्या दशकात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा पाय घडवला, तो आपली माणसे उकिडवी बसतात, मांडी घालतात, चिखलात अनवाणी चालतात हे ध्यानात ठेवून. (१९८१चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला, शर्मांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?) पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. म्हणजे जाणकारी आपल्या दाराशीच आहे.

नाही ती तालुक्याच्या गावी. सॉकेट बदलायला, पट्टा शिवायला, चालीतला झोल काढायला एक दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठावे लागते. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी कायमचा तंत्रज्ञ हवा. आणि शिबिराच्या पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांखाली दुसऱ्या मापाची तारीखही छापावी.