‘डेस्कटॉप मोडवर टाका’ हे उत्तर नाही!

परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, शिष्यवृत्तीची नोटीस. यातलं काहीही तुम्ही शेवटचं लॅपटॉपवर कधी उघडलं होतं? आठवत नसेल. आपलं सगळं फोनवरच चालतं. कित्येक कॉलेजांच्या वेबसाइट मात्र अजून कम्प्युटर लॅबमध्येच बसून आहेत. मेन्यू मुंगीएवढा, टाइमटेबलचा तक्ता अर्धा स्क्रीनबाहेर आणि ‘सबमिट’चं बटण शोधत बसायचं. ऑफिसात विचारलं तर ठरलेलं उत्तर, ‘डेस्कटॉप मोडवर टाका ना!’ तेही नाही जमलं तर सायबर कॅफे आहेच. म्हणजे परीक्षा फी वेगळी आणि फॉर्म भरून घ्यायचे पैसे वेगळे.

आपण वैतागतो, झूम करतो, निभावून नेतो. पण ज्याला दिसतच नाही, त्याने काय झूम करायचं?

एक प्रयोग करून बघा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘टॉकबॅक’ असतं, ते सुरू करा. आता फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवेल. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टॅप केलं की ती उघडते. डोळे मिटा आणि आपल्याच कॉलेजच्या साइटवर परीक्षेची तारीख शोधा. बटणाला नाव दिलेलं नसेल तर नुसतं ‘बटण’ ऐकू येतं. कशाचं बटण, देव जाणे. नोटीस म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा स्कॅन असेल, तर वाचायला त्यात अक्षरंच नसतात, तो फोटो असतो. आणि मराठी परिपत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर विचारूच नका. त्या फॉन्टमध्ये मराठी फक्त दिसायला मराठी असतं, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. टॉकबॅक तीच वाचतो. आपल्या वर्गातल्या अंध मित्राला यातून शेवटची तारीख शोधायची असते, आणि ती हुकली तर वर्ष त्याचं जातं.

‘नवीन वेबसाइट करायला बजेट नाही’ हे कारण मला पटत नाही. नवीन कोण मागतंय? आहे तीच दुरुस्त होते. पानाच्या कोडमध्ये ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ नसेल तर फोन ते पान मोठ्या स्क्रीनचं समजतो आणि आक्रसून दाखवतो. ती ओळ टाकायची, ठरावीक पिक्सेलच्या रुंदीऐवजी टक्केवारी वापरायची, लहान स्क्रीनसाठी वेगळे नियम लिहायचे. इथन मार्कोट या डिझायनरने 2010 मध्ये याच पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिलं. तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो! बाकीची कामं तर याहून सोपी. प्रत्येक रकान्याला लेबल, चित्राला वर्णन, नोटीस युनिकोडमध्ये टाइप केलेली. फिकट करड्या रंगातली अक्षरं बदलायची, कारण जागतिक निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान 4.5 ला 1 हवा. आणि ते होमपेजवर सरकणारं ‘न्यू’ कृपा करून काढा.

हा उपकाराचा मामला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्येच झाला, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सगळ्यांना वापरता यायला हवा, असं त्याचं कलम 42 सांगतं. एप्रिल 2025 मध्ये तर सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क थेट जगण्याच्या हक्काशी जोडला.

बीसीए, बीएस्सी आयटीवाले दरवर्षी प्रोजेक्टसाठी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम बनवतात. किती बनवणार? कॉलेजची साइट सुधारणं हाच प्रोजेक्ट का नको? मार्क पण मिळतील. फक्त तपासणीला टॉकबॅक रोज वापरणारा मित्र हवा, आपलं डोळे मिटून बघणं पुरेसं नाही. बाकीच्यांनी निदान अर्ज तरी लिहावा. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर तो फाइलला लागेल. कोणतं पान, कोणता फोन, नेमकं कुठे अडलं ते लिहा, स्क्रीनशॉट जोडा, प्राचार्यांच्या नावे द्या आणि पोच घ्या. पुढच्या सेमिस्टरचे फॉर्म सुटायच्या आधी द्या, गर्दीत कोणी वाचत नाही.