लोभाची वकिली

लोणावळ्यात एका व्याख्यानात एका विद्वान वक्त्याने ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांचा पाऊण तासात निकाल लावला. गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस ही यादी म्हणे पाद्र्यांनी भोळ्या लोकांना घाबरवण्यासाठी रचली. ती परकी आहे आणि कालबाह्यही. उलट आज हीच पापं समाजाला पुढे नेतात. लोभ नसता तर इथे बंगले-हॉटेलं उठली नसती, खादाडपणा नसता तर चिक्की खपली नसती, आळस नसता तर शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागल्या नसत्या. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

घाबरवण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. या यादीचं मूळ चौथ्या शतकातलं. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस नावाच्या संन्याशाने आठ कुविचार नोंदवले, ते स्वतःसारख्या एकांतातल्या साधकांसाठी. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी गर्वाला सगळ्यांचं मूळ मानून त्याच्या सात शाखा सांगितल्या आणि आजची यादी पुढे त्यातून घडली. नंतर तिचा धाकासाठी वापर झाला, हे कुणीच नाकारत नाही. पण धाक घालणाऱ्याच्या हाती पडली म्हणून वैद्याची वही खोटी ठरत नाही. याच लोणावळ्यात फादर अँथनी डिमेलो या जेझुइटाने ‘साधना’ संस्थेतून मनातले विकार न दडपता निरखायला शिकवलं. त्यांच्या निधनानंतर 11 वर्षांनी, 1998 मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांवर आक्षेप घेतला. म्हणजे खुद्द चर्चमध्येही वाद आहेत. वक्त्यांना त्याची गंधवार्ता नसावी.

परकी म्हणाल, तर आपल्या षड्रिपूंपैकी काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाचही त्या यादीत भेटतात. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापलं गेलं ते 1616 साली. चारशे वर्षं ज्या भाषेत हा विचार मुरला, त्या भाषेत उभं राहून त्याला परका म्हणायचं?

आता लोभ. खरं भांडण इथेच आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण सुरू झाला आणि लोणावळ्याभोवतीच्या मावळात एकराची भाषा जाऊन गुंठ्याची आली. गावोगाव एजंट झाले. पक्की घरं झाली, पोरं शिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण वक्ते ज्याला विकासाचं इंजिन म्हणतात, ते पाहायचं तर त्यांनी वडगावला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर एक सकाळ उभं राहावं. तिथे बाकावर दोन बहिणी बसलेल्या असतात. पहाटेची एसटी धरून सासरहून आलेल्या. सातबाऱ्यावर त्यांची नावं आहेत. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. ती नावं कमी झाल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही, म्हणून त्यांना बोलावलेलं. धाकटी हळूच विचारते, “दादा, कितीला ठरली रे?” दादा म्हणतो, “माहेरची साडी कधी चुकली का तुला?” मग नाव पुकारलं जातं. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. हक्कसोडपत्रात लिहिलेलं असतं, स्वखुशीने आणि विनामोबदला. इसाराची रक्कम कधीच भावाच्या हातात पडलेली असते आणि एजंट बाहेर गाडीत एसी लावून बसलेला असतो.

यात हॉटेल कुठे आलं? उद्योग, कल्पकता, धाडस, मेहनत कुठे आली? बहिणीचा वाटा गिळला, एवढंच झालं. पुढे बांध फोडतात, ओढा बुजवतात, इंद्रायणी तांदळाच्या खाचरांवर कुंपण पडतं. पैसे संपले की तोच भाऊ त्याच कुंपणाच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी लोभाचा दोष नेमका इथे दाखवला होता: संपत्ती एकाकडे अतोनात साठते तेव्हा दुसऱ्याच्या वाट्याला तूट येते. वक्त्यांनी तुटीचा रकानाच कोरा ठेवला आणि जमेची बाजू वाचून टाळ्या घेतल्या.

हा वाद नवा नाही. संतांनी षड्रिपूंचा बागुलबुवा करून मराठी माणसाची महत्त्वाकांक्षा मारली, असं एका गृहस्थांनी पूर्वी मोठ्या आवेशाने मांडलं होतं. तेव्हाही मी विचारलं होतं, तुकोबा कोण होते? व्यापार करणाऱ्या घरातलेच ना? परंपरा सांगते की त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत सोडली. पण त्याआधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला. ही इंद्रायणी लोणावळ्याजवळच उगम पावते. कार्ल्याच्या लेण्यातले खांब व्यापाऱ्यांनी आणि यवनांनी दान दिल्याचे लेख आजही वाचता येतात. धंदा आणि लोभ एकच, हे या खोऱ्याने कधी मानलेलं नाही.

क्रोधाबद्दल एवढंच, की अन्यायावर न चिडणं हाही दोष असू शकतो, असं अक्वायनस सांगतात. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना धरणाच्या जलवाहिनीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या मावळच्या तीन शेतकऱ्यांचा गोळीबारात जीव गेला. त्यांच्या रागाला पाप म्हणायला ही परंपरा सांगत नाही. खादाडपणाचं म्हणाल, तर पाव किलो चिक्कीने कुणी नरकात जात नाही.

मग ही यादी कशासाठी? माझं म्हणणं थोडकं आहे. ती शेजाऱ्यावर रोखायची नाही, रात्री स्वतःवर चालवायची. आज मी कुणाचा वाटा घेतला, कुणाचं बरं पाहून जळलो, करायचं काम का टाळलं, एवढं विचारायला ती पुरते. गांधीजींनी 22 ऑक्टोबर 1925 च्या ‘यंग इंडिया’त सात सामाजिक पापं छापली. श्रमाविना संपत्ती हे त्यातलं एक. शंभर वर्षं झाली आणि मावळात ते गुंठ्याच्या भावाने विकलं जात आहे.

ज्यांच्या घरी यंदा हक्कसोडपत्र व्हायचं आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: बहिणीला वडगावला बोलावण्याआधी ठरलेला भाव सांगा आणि तिचा वाटा तिच्या खात्यात भरा.