सिकलसेलच्या लेकराला दाखला मिळतो!



मागे एका रविवारी आम्ही उत्तर नागपुरातील एका वस्तीत गेलो होतो. विहारातील वंदना आटोपली आणि मंडळी पांगू लागली. तेवढ्यात एक बाई संकोचत पुढे आल्या. सोबत त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा. अंगाने किडकिडीत, डोळ्यांत पिवळी झाक. बाई चार घरची धुणीभांडी करतात, नवरा मिस्त्रीच्या हाताखाली जातो. बाईंच्या हातात कापड दुकानाची जुनी पिशवी होती आणि ती दवाखान्याच्या कागदांनी गच्च भरली होती.

"भाऊ, माह्यं पोरगं एसएस आहे. ऐन बारावीच्या परीक्षेत दुखणं उठलं. दोन पेपर दवाखान्यातच गेले. आता का करू सांगा," बाई म्हणाल्या.

आम्ही विचारले, "ताई, अपंगत्वाचा दाखला काढला का?"

बाई आमच्याकडे पाहतच राहिल्या. मग जरा रागानेच म्हणाल्या, "भाऊ, हातपाय तं चांगले हायेत पोराचे. लुलापांगळा थोडीच हाय तो! मंग अपंगाचा कागद कायले?"

त्या माउलीचा राग आम्हाला समजला. पण तिचा प्रश्न घरोघरचा आहे. तिच्या पिशवीत एकोणीस वर्षांचे दुखणे होते, आणि त्या दुखण्याला कायद्याने दिलेला हक्क मात्र तिला कोणी सांगितलाच नव्हता. म्हणून आज या सदरात हाच विषय घेत आहोत.

कायदा काय म्हणतो?

१९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. आंधळेपण, बहिरेपण, हातापायांचे अपंगत्व वगैरे. सिकलसेलचे त्यात नावही नव्हते. त्यानंतर २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. या कायद्यात सातचे एकवीस प्रकार झाले. त्यात रक्ताचे तीन आजार आले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि आपला सिकलसेल.

"आपला" असे आम्ही मुद्दाम म्हणतो. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. हा कोणाचा कोप नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही आणि जातीचा डाग तर मुळीच नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा जोर होता, तिथे या आजाराच्या वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळाले. म्हणून तो गुण पिढ्यांतून टिकून राहिला. आफ्रिकेतही हेच घडले.

रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि मऊ असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकल्या की हाडे-सांधे असे दुखतात की माणूस जमिनीवर लोळतो. नागपूरची मे महिन्यातील काहिली असो की डिसेंबरची थंडी, दुखणे उठायला निमित्त पुरते. रक्त वारंवार कमी होते. काहींचा खुब्याचा सांधा झिजतो, काहींना अर्धांगवायू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पोरगा धडधाकट दिसतो, आणि कामाच्या ठिकाणी मालक म्हणतो, "नाटक करतो."

डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते अपंगत्व नाही, असे कायदा म्हणत नाही. मग आपणच का म्हणावे?

दाखला कोणाला मिळतो?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रक्ततपासणीत "एएस" आले तर तो वाहक. त्याला आजार नाही आणि त्याला अपंगत्वाचा दाखला मिळत नाही. "एसएस" आले तर तो रुग्ण. आईबापांपैकी एकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचा गुण आला असेल तर तोही रुग्णच असतो.

पण रुग्ण आहे एवढ्यावर टक्के मिळत नाहीत. आजाराने शरीराचे किती नुकसान केले, हे डॉक्टर पाहतात. दुखणे किती वेळा उठते, किती वेळा भरती व्हावे लागले, रक्त किती वेळा चढवले, कोणता अवयव बिघडला, हे सारे कागदावर दिसावे लागते. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते.

म्हणून तुमच्या पिशवीतला एकेक कागद म्हणजे पुरावा आहे. पुष्कळ घरी आम्ही पाहतो, दवाखान्यातून सुटी झाली की कार्ड चुलीत जाते किंवा पोरे त्याची विमाने करतात. असे करू नका. डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची नोंद, एक्स-रे, सोनोग्राफी, सारे तारखेप्रमाणे लावून एका फाइलीत ठेवा. सर्वांत वर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीचा रिपोर्ट लावा. नुसत्या पहिल्या चाचणीवर वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरत नाही.

अर्ज कसा करावा?

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड या संकेतस्थळावर करायचा असतो. घरातल्या शिकलेल्या मुलाला मोबाइलवर भरता येतो, नाहीतर सेवा केंद्रात भरून घ्यावा. आधार कार्ड, फोटो, सही किंवा अंगठा आणि राहण्याचा पुरावा लागतो. आधारवरचे, शाळेच्या दाखल्यावरचे आणि बँकेच्या पासबुकावरचे नाव एकच आहे का, हे आधी पाहा. एका अक्षराच्या फरकाने लोकांचे महिनेच्या महिने जातात.

अर्ज भरला की नंबर मिळतो. तो फाइलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मग निवडलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. पुष्कळ ठिकाणी या तपासणीचा वार ठरलेला असतो. मजुरी पाडून जाण्याआधी वार विचारून घ्या. पेशंटसोबत असा माणूस जाऊ द्या, ज्याला दुखण्याचा सारा इतिहास सांगता येतो. "कधीमधी दुखते" असे म्हणू नका. "दिवाळीनंतर तीनदा भरती झाला, दोनदा रक्त दिले" असे सांगा. खोटे एक अक्षर बोलू नका, पण खरे काही लपवूही नका. आपल्या बायाबापड्यांना दुखणे गिळायची सवय आहे. तिथे ती सवय नुकसान करते.

२०२४ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे अर्जावर तीन महिन्यांच्या आत निर्णय व्हायचा असतो. दाखल्यासोबत ओळखपत्र मिळते, त्याला लोक यूडीआयडी कार्ड म्हणतात. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० पर्यंत पिवळे आणि ८० व त्यावर निळे. दाखला कायमचा नसून ठरावीक मुदतीचा असेल तर मुदत कधी संपते ते लिहून ठेवा.

अर्ज नाकारला किंवा टक्के कमी लागले तर रडत घरी बसू नका. नाकारण्याचे कारण लेखी मागा. निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येते. आणि कोणी "पाच हजार द्या, टक्के वाढवून देतो" म्हणाला, तर त्या दलालापासून दूर राहा. पैसे तर जातीलच, बनावट दाखला निघाला तर पोलीस केसही होईल.

दाखल्याने काय मिळते?

पहिली गोष्ट, संजय गांधी निराधार अनुदान योजना. वय १८ ते ६५ वर्षांच्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य, आणि अर्ज तहसील कार्यालयात. या योजनेच्या यादीत सिकलसेलग्रस्तांचा वेगळा उल्लेखही आहे. मग दाखला कशाला, असे कोणी म्हणेल. तर ऐका. २०२५ साली राज्य सरकारने या योजनेतील दिव्यांगांचे अनुदान महिना दीड हजारांवरून अडीच हजार रुपये केले. ही वाढ दिव्यांग म्हणून नोंद असलेल्यांसाठी आहे. म्हणजे त्या एका दाखल्याने महिन्याला हजार रुपयांचा फरक पडतो. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका.

या योजनेत एक काटा आहे, तोही सांगतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये धरलेली आहे. म्हणजे महिना ४ हजार १६६ रुपये. नवराबायको दोघेही राबणाऱ्या घरात एवढ्यात चूल तरी पेटते का? मर्यादा बदलली आहे का हे तहसीलमध्ये विचारा, आणि बदलली नसेल तर ती वाढावी म्हणून सर्वांनी मिळून निवेदन द्या. एकट्याचा कागद टेबलावर पडून राहतो. शंभर सह्यांचा कागद साहेबाला वाचावा लागतो.

दुसरी गोष्ट, शिक्षण. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत आणि त्यात सिकलसेलही येतो. परीक्षेतील जादा वेळेसारख्या सवलती हव्या असतील तर परीक्षेच्या तोंडावर नव्हे, वर्षाच्या सुरुवातीलाच शाळा-कॉलेजात दाखला द्या.

नोकरीबाबत मात्र स्पष्ट सांगतो. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, पण कायद्याच्या त्या कलमात रक्ताच्या आजारांना जागा दिलेली नाही. एकीकडे अपंग म्हणायचे आणि नोकरीच्या वेळी दार लावायचे, हा अन्याय आहे. त्याविरुद्ध बोलले पाहिजे. तोवर कोणाच्या खोट्या आशेवर मुलाला ठेवू नका.

याशिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुमच्या गावात तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा.

ही भीक नव्हे

काही बंधू म्हणतात, "सरकारपुढे हात पसरायला लाज वाटते." त्यांनी संविधानाचे कलम ४१ वाचावे. बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे तरतूद करावी, असे तिथे लिहिले आहे. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेल्या संविधानातले हे शब्द आहेत. त्याप्रमाणे मागणाऱ्याने मान खाली का घालावी?

आणि सोयरीक जुळवताना पत्रिका नको, रक्ताचा रिपोर्ट पाहा. आईबाप दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. सून एएस म्हणून तिला बोल लावू नका. दोष कोणाचाच नसतो, आणि मुलामध्ये हा गुण दोघांकडून येतो तेव्हाच आजार होतो.

त्या दिवशी आम्ही विहाराच्या ओट्यावर बसून बाईंची पिशवी रिकामी केली. वस्तीतल्या दोन कॉलेजच्या पोरी मदतीला आल्या. तारखेप्रमाणे कागद लावले तेव्हा भरतीची बावीस कार्डे निघाली. बाई एकेक कार्ड हातात घेत होत्या आणि सांगत होत्या, "हे तो चौथीत होता तवाचं. हे बाबाच्या मैतीच्या वक्ताचं." मुलगा गप्प बसला होता. शेवटी तो म्हणाला, "आई, एवढ्या वेळा गेलो का गं आपण?"

त्या पोरींनी तिथेच मोबाइलवर अर्ज भरला. निकाल डॉक्टरांच्या हाती आहे. पण त्या घरात आता कार्ड चुलीत जाणार नाही.

प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार या कामासाठी ठेवता येईल. वंदनेनंतर एक तास, एक सतरंजी आणि दोन शिकलेली पोरे, एवढेच लागते. तुमच्या वस्तीत एसएस मूल असेल तर त्याच्या आईला आजच हा अंक वाचून दाखवा.

जय भीम.